खांद्यावरचा आकडा सांगतो पलटणीचं नाव

गेल्या पावसाळ्यात सोयाबीनच्या पाहणीसाठी सातारा तालुक्यातल्या एका गावी जाणं झालं. पाहणी उरकून ओसरीवर चहाला बसलो, तेवढ्यात घरच्या आजींनी भिंतीवरचा एक जुना फोटो काढून माझ्या हातात दिला.

"साहेब, तुमच्याकडं किडं बघायचं भिंग हाय न्हवं? मग ह्यांच्या खांद्यावर काय लिवलंय त्ये बघा जरा. माझ्या सासऱ्यांचं चुलतं. बसऱ्याला गेलं ते माघारी आलंच न्हाईत."

घरात माहिती एवढीच होती. पलटण कोणती, मृत्यू कुठं झाला, काही ठाऊक नव्हतं. उसावरचा लोकरी मावा बघायला वापरतो ते भिंग फोटोवर धरलं. खांद्याच्या पट्टीवर पितळी आकडा होता, इंग्रजीत, ११०. त्या एका आकड्यानं बरंच काम झालं.

शेतकरी बंधूंनो, आपल्या जिल्ह्यात असे फोटो घरोघरी आहेत. आपल्याकडच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, तिथं त्यांचं स्मारक आहे. पण इतर कितीतरी गावांत भिंतीवरचा फोटो हेच काय ते स्मारक. म्हणून तो वाचायचा कसा, हे आज पाहू.

पहिली नजर खांद्यावर टाका. १९०३ साली इंग्रज सरकारनं पलटणींना नवे क्रमांक दिले. मुंबई फौजेच्या जुन्या क्रमांकात सरळ १०० मिळवले. तिसरी होती ती १०३ झाली, दहावी होती ती ११० झाली. मराठा पलटणी सहा होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. पुढं १९२२ मध्ये या सहाही एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट केली. म्हणजे खांद्यावर यांतला तीन आकडी क्रमांक दिसला, तर माणूस १९२२ पूर्वी त्या पलटणीत गेलेला. ५ चा आकडा आणि मराठा अशी अक्षरं दिसली, तर फोटो त्यानंतरचा, बहुधा दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. "आजोबा जंगी पलटणीत होते" असं कुणी सांगितलं तर ती १०३, म्हणजे आजची पहिली मराठा. "काळी पाचवी" म्हटलं तर ती १०५, आजची दुसरी मराठा. तोंडी चालत आलेलं नाव आणि फोटोतला आकडा जुळला की खात्री वाढते.

दुसरी खूण बिल्ला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह बिगुल. महार पलटणीची गोष्ट निराळी. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावात. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. स्तंभ दिसला तर फोटो सुरुवातीच्या काळातला समजावा. पायात बुटाला काटे दिसले, तर माणूस घोडदळातला किंवा घोडे सांभाळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या दलातला असू शकतो.

तिसरी खूण हुद्द्याची. दंडावर एक फीत लान्सनाईक, दोन नाईक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा असेल तर जमादार, दोन असतील तर सुभेदार. जमादार हा हुद्दा १९६५ पासून नायब सुभेदार झाला. घरात "सुभेदार" म्हणून ओळखले जाणारे आजोबा फोटोत तीन फितींचे दिसले, तर घाबरू नका. फोटो बढतीच्या आधीचा असेल.

आता काही फसव्या गोष्टी. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग सांगायला जाऊ नये. जुन्या काचेच्या पट्ट्यांवर लाल रंग जवळजवळ काळा उतरायचा आणि निळा फिका. पदकं नेहमी डाव्या छातीवर लावतात. ती उजवीकडं दिसली तर एक तर फोटो उलटा छापलाय, नाहीतर वडिलांची पदकं मुलानं लावलीत. कोटाच्या गुंड्या पाहिल्या की उलट-सुलट कळतं. आणि कोट उसना घेऊनही लोक फोटो काढत, हे विसरू नका. फोटोची एक खूण पुरत नाही, दोन जुळाव्या लागतात.

दुसरी खूण पुष्कळदा ट्रंकेत सापडते. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड भिंगाखाली फिरवा. तिथं शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढाऊ शिपायाला चांदीचं पदक मिळालं. तेच पदक काशाचं असेल, तर आजोबा बहुधा मजूर किंवा हमाल पथकात होते. त्यात कमीपणा काही नाही. रसद त्यांच्याच खांद्यावरून पुढं गेली. वीतभराहून लहान अशी काशाची गोल तबकडी असेल, तर ती मृताच्या वारसाला दिलेली. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा आणि पलटण नसते. एका घरी ही तबकडी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून पाहिली. दुसऱ्या एका घरची मोडीत गेली. मोडीवाल्यानं तांब्याच्या भावानं पैसे दिले, पण घराण्याचा एकुलता पुरावा गेला.

आजींच्या फोटोकडं परत येऊ. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी इराकातल्या कुट गावी वेढ्यात सापडल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेली, आणि पुष्कळजण कैदेत मेले. पण पलटण कुटला होती म्हणून हा माणूसही तिथंच होता, असं म्हणता येत नाही. नातवाला सांगितलं, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर ११० मराठा घालून शोध. आडनाव लावू नकोस, कारकुनांनी बऱ्याचदा फक्त नाव, बापाचं नाव आणि गाव लिहिलंय, तेही वेड्यावाकड्या स्पेलिंगात.

त्याच नावाचे चौघे निघाले. बापाचं नाव आणि गाव जुळलं एकाचंच. स्मारक, बसरा. साल १९१६.

बसऱ्याच्या त्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीपुढं नुसती संख्या. अशा भेदभावाबद्दल आयोगानं २०२१ मध्ये माफी मागितली. हे मी आजींना सांगितलं. त्या फोटोकडं बघत म्हणाल्या, "म्हंजी नाव कुटंतरी लिवलंय म्हनायचं. मला वाटलं, हितंच भितीवर हाय तेवढं."

आता करायचं काय, ते सांगतो. फोटो ओल्या फडक्यानं पुसू नका. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, तसाच ठेवा आणि मोबाइलवर तिरप्या उजेडात जवळून टिपून घ्या. सुट्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव, नातं, गाव लिहा. पदकांना चिंच किंवा राख लावून घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. दुसऱ्या महायुद्धातले किंवा त्यानंतरचे जवान असतील, तर नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गुरुजींना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एक साधी वही करा : नाव, बापाचं नाव, पलटण, पुरावा काय. खात्री नसेल तिथं तसं स्पष्ट लिहा. फोटोतला माणूस कोण, हे सांगणाऱ्या आजी गावात आता दोन-चारच उरल्यात. त्यांच्याकडं या आठवड्यातच जा.