पक्ष्यांच्या पायांतील कडी : शास्त्रीय अभ्यासात नागरिकांचा वाटा

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की तळी, जलाशय व खाजणे दूरदेशीच्या पाखरांनी गजबजू लागतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांसारखे पक्षी हिमालयापलीकडील प्रदेशांतून येतात आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी परततात. त्यांचा मार्ग कोणता, आयुर्मान किती, दरवर्षी ते त्याच तळ्यावर येतात काय, या प्रश्नांची उत्तरे केवळ निरीक्षणाने मिळत नाहीत. कारण एक बदक दुसऱ्यासारखेच दिसते. म्हणून पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालण्याची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध पाया १८९९ मध्ये डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने घातला. भारतात तिचा आरंभ १९२६-२७ च्या सुमारास माळव्यातील धार संस्थानात, तेथील महाराजांच्या सहकार्याने, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केला. पुढे १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडतापाची साथ आढळून आली. या तापाच्या विषाणूचे रशियातील एका गोचीडजन्य रोगाच्या विषाणूशी साम्य असल्याने, स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा, अशी शंका व्यक्त झाली. १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे कार्य व्यापक प्रमाणावर सुरू झाले, त्यामागे या शंकेचेही कारण होते. पक्षी-अभ्यासाचा लोकांच्या आरोग्याशी असा निकटचा संबंध आहे.

पक्षी पकडण्यासाठी बारीक धाग्याची, सहजी दृष्टीस न पडणारी जाळी पहाटे व सायंकाळी लावण्यात येतात. बिहारमधील मीरशिकार या परंपरागत पारध्यांचे कौशल्य या कामी फार मोलाचे ठरले; शिकारीची विद्या अशा रीतीने संशोधनाच्या उपयोगी पडली. जाळ्यावर सतत लक्ष ठेवून पक्षी त्वरित सोडवितात व कापडी पिशवीत ठेवतात. त्याचे वजन, पंखाची व चोचीची लांबी यांची नोंद करून पायाच्या जाडीनुसार सैलसर कडे चढवितात आणि त्याला मुक्त करतात. हे काम प्रशिक्षित व्यक्तींनी, शासनाच्या परवानगीनेच करावयाचे असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्षी विनापरवाना पकडणे हा गुन्हा आहे.

तथापि, कडे घातल्याने काम निम्मेच होते. तो पक्षी पुन्हा कोठे तरी आढळून त्याची वार्ता संस्थेपर्यंत पोहोचेल, तेव्हाच त्या क्रमांकाला अर्थ प्राप्त होतो. अशा वार्ता फारच थोड्या येतात. काही पक्ष्यांवर आता उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसविली जातात. परंतु ती महाग असल्याने साध्या कड्याचे महत्त्व अद्याप टिकून आहे. कडे अथवा यंत्र दिसले म्हणजे पक्षी हेरगिरीसाठी आला, असा समज करून घेऊन त्यास डांबून ठेवणे उचित नव्हे.

असा पक्षी दिसल्यास त्यास इजा करू नये. कड्यावरील अक्षरे व क्रमांक, दिनांक आणि ठिकाण लिहून घेऊन जवळच्या वन कार्यालयास अथवा कड्यावर नाव असलेल्या संस्थेस कळवावे. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी. तळ्याकाठी गुरे राखणाऱ्या मुलाने जपून टिपलेला एक क्रमांक हजारो कोसांच्या प्रवासाचा पुरावा ठरू शकतो.