खेळ सुरू होईना म्हणून गटाचं दप्तर उघडं टाकू नका

तासगावहून बचत गटाची समन्वयक बोलतेय.

आमच्या गटानं नवा कॉम्प्युटर घेतला. बेदाणा निवडणीची मजुरी, मासिक बचत, कर्जाचे हप्ते, सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो, सगळं त्यातच आहे. एका ताईंच्या अकरावीतल्या लेकीला वैमानिक व्हायचंय. मामानं तिला मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ या विमान चालवायच्या खेळाची जुनी डीव्हीडी दिली. खेळ २००६ सालचा. नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडीचा कप्पा नव्हता, तो बाहेरून जोडला. खेळ बसला, पण ‘ॲक्टिव्हेशन’ होईना.

पोरीनं इंटरनेटवर शोधून एक मदत नंबर काढला. पलीकडचा माणूस म्हणाला, “एक ॲप टाका, मी इथूनच दुरुस्त करतो.” तेवढ्यात मी पोचले आणि फोन बंद करायला लावला. ते ॲप टाकलं असतं, तर गटाचं सगळं दप्तर त्याच्यासमोर उघडं पडलं असतं.

ॲक्टिव्हेशन म्हणजे काय? रेशनचं कार्ड खरं असलं तरी दुकानातल्या मशीनवर अंगठा लावावा लागतो ना, तसंच. डब्यावर २५ अक्षरा-अंकांची चावी असते. ती खरी आहे का, हे खेळ इंटरनेटवरून कंपनीला विचारतो. रेंज नसली की खरं कार्ड असूनही धान्य अडतं, तसा खेळही अडतो.

मग क्रमानं बघायचं. कॉम्प्युटरची तारीख-वेळ बरोबर आहे का? ती चुकली तर कंपनीशी जोडणीच होत नाही. चावी नीट वाचली का? इंग्रजी ‘बी’ आणि आठ, ‘जी’ आणि सहा सारखे दिसतात. मग खेळाच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. शिवाय एक चावी ठरावीक कॉम्प्युटरवरच चालते. आधी बऱ्याच ठिकाणी वापरली असेल तर ती अडते. फोन करायचाच तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर घ्या.

कधी खोट आपली नसतेच. याच मालिकेतला २००३ सालचा खेळ डिस्क तपासायची जुनी पद्धत वापरतो. विंडोज १० मध्ये ती पद्धतच बंद केलीय.

फुकटचं ‘क्रॅक’ मात्र उतरवून घेऊ नका. कुलूप तोडणाऱ्या त्या फाइलसोबत चोरही घरात येतो.

आमच्या पोरीची चावी काही चालली नाही. मग ‘फ्लाइटगिअर’ हा खेळ त्याच्या स्वतःच्या साइटवरून घेतला. तो फुकट आहे, कायदेशीर आहे, त्याला चावीच लागत नाही. तिला वेगळं खातं काढून दिलं, गटाच्या खात्याला पासवर्ड लावला आणि हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली.

तुमच्या गटात कुणी चुकून असं ॲप टाकलंच, तर लगेच इंटरनेट तोडा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. आणि पोरीला रागावू नका. रागावलं तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.