कुंभकोणमची न्याहारी

हनोईच्या फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसून कॉफी प्यायची, सकाळी सकाळी बाजार पालथा घालायचा, अशा सहलींची सध्या चलती आहे. व्हिएतनाम कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसरा, तेव्हा हौस रास्तच आहे. पेल्यावर ठेवलेल्या चिमुकल्या गाळणीतून कंडेन्स्ड मिल्कवर टपटप पडणारा काळा अर्क बघताना मजा येते. पण हेच तंत्र आपल्याच देशात, कावेरीकाठी, वेगळ्या थाटात चालतं. त्यासाठी कुंभकोणमला जायचं.

तिथला फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड घालायची, दांडी असलेल्या चकतीने हलकीच दाबायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि विसरून जायचं. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. घाई केली तर पाणचट अर्क मिळतो, पूड फार दाबली तर थेंबच पडत नाही. यात चिकोरीची करामत मोठी. चिकोरी ही एका झाडाची भाजून दळलेली मुळी, तिच्यात कॅफिनचा लवलेश नाही. पण ती पाण्यात कॉफीहून जास्त विरघळते, त्यामुळे अर्क दाट आणि काळाभोर उतरतो. शुद्ध कॉफीचे अभिमानी नाक मुरडतात. मुरडोत बापडे, मला तो दाटपणा आवडतो.

तमिळनाडूच्या हमरस्त्यांवर आता जागोजागी ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या दिसतात. ही डिग्री कसली? दुधात पाणी नाही ना, हे लॅक्टोमीटरच्या अंशांवर तपासून घेत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. खरं-खोटं काही असो, दूध निर्भेळ असल्याशिवाय ही कॉफी जमत नाही. पितळेच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ती ओततात, ते नुसतं कसब दाखवायला नव्हे. पातळ धारेला हवा लागते, कॉफी पिण्याजोगी निवते, दुधातल्या प्रथिनांमुळे फेस धरतो. पेल्याची कड बाहेर वळलेली असते, तिला चिमटीत धरलं की बोटं पोळत नाहीत. पितळी भांड्यांचा व्यापार हा या गावाचा जुनाच धंदा. आतून कल्हई केलेला पेला बघितला की आपल्याकडच्या जुन्या माजघराची आठवण होणारच.

आदिकुंभेश्वर मंदिराच्या आसपास न्याहारीची जुनी हॉटेलं आहेत. तिथे इडलीबरोबर कडप्पा मागा. आंध्रातल्या गावाशी किंवा फरशीशी त्याचा संबंध नाही. शिजवलेली मूगडाळ, कुस्करलेला बटाटा, ओलं खोबरं, डाळं आणि खसखस यांचं वाटण, त्यात बडीशेप, दालचिनी, लवंग आणि हिरवी मिरची. चिंच नाही, लाल तिखट नाही. रंगाने फिकट, पण इडलीला असा चिकटून बसतो की सांबार बाजूला राहतं.

सांबाराचा विषय निघालाच आहे, तर ते तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात जन्मलं ही गोष्ट आपल्या प्रत्येक काकाला पाठ असते. तिला पुरावा काही नाही. त्यापेक्षा ‘डांगर पच्चडी’ बघा. उडदाचं पीठ ताकात किंवा दह्यात कालवून केलेलं आपलं डांगर तमिळ पानात जाऊन बसलंय. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे तंजावरला आले, १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाची गादी टिकली आणि त्यांच्या मागोमाग गेलेली मराठी घरं कावेरीकाठी रुजली. सयाजीराव गायकवाड अज्ञान असताना बडोद्याचा कारभार ज्यांनी हाकला, ते सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच, अशाच एका मराठी घरात जन्मले.

आता बाजार. केळीची पानं भाऱ्यांनी, केळफुलं, केळीच्या दांड्याचा पांढरा गाभा, आणि विड्याच्या पानांच्या ओल्या चवडी. कुंभकोणमच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत हदग्याच्या झाडांवर हा वेल चढवतात. वेलाला आधार मिळतो आणि हदग्याची विरळ सावलीही. आपल्याकडच्या पानमळ्यांतही शेवरी-हदगा लावतात, तो याच हिशेबाने. पान हातात घेऊन बघा: कोवळं, पातळ, दातांखाली चटकन तुटणारं, जिभेला झोंबणं बेताचं. तिथे जेवणानंतर ते चुना-सुपारीबरोबर साधंच खातात, गुलकंद-बडीशेपेचा थाट नाही. गंमत म्हणजे व्हिएतनाममध्येही लग्न ठरवताना वराकडची मंडळी पान-सुपारी घेऊन जातात. आपल्याकडेही लग्न ठरलं की सुपारीच फुटते.

जायचं तर तिरुचिरापल्लीहून तंजावरमार्गे रेल्वेने जा, आणि मुक्कामात एक रविवार येईल असं बघा, कारण बहुतेक हॉटेलांत कडप्पा रविवारीच मिळतो. सकाळी लवकर गाठा. उशिरा गेलात तर नुसत्या सांबारावर भागवावं लागेल. कॉफी सांगताना साखर कमी सांगायला मात्र विसरू नका, तिथे हात सढळ असतो.