कोंबडी आधी, गाजर नंतर!

एक पैज लावू या. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, सकाळी कोंबडीच्या तंगड्या ठेवा आणि त्यांच्यावर गाजराचे जाडजूड तुकडे. झाकण लावा. पाच-सहा तासांनी उघडा. आधी काय शिजलेलं असेल? कुणीही म्हणेल, गाजर! गाजर तर आपण कच्चंही खातो. पण गाजरावर पैज लावणारा हमखास हरतो. मांस चमच्याच्या धक्क्याने हाडावरून सुटून येतं आणि गाजर मात्र दाताखाली करकरतं.

असं का होत असेल? या प्रश्नाच्या मागे लागायला इटलीतला एक हिवाळी पदार्थ फार छान आहे. टोमॅटोच्या रश्श्यातली कोंबडी, सोबत गाजर, सेलरी, पांढरा राजमा आणि केल या पालेभाजीची काळपट हिरवी पानं. कोंबडीच्या अशा रश्श्याला तिकडे ‘आल्ला काच्चातोरा’ म्हणतात, म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची. राजमा आणि काळपट केल ही जोडी इटलीच्या तोस्काना प्रांतातली. मंद शिजवलेल्या मांसाला इटालियन भाषेत ‘स्तुफातो’ हा शब्द आहे आणि ‘स्तुफा’ म्हणजे शेगडी. पदार्थाच्या नावातच शेगडी आहे!

पण आधी भांड्याची गोष्ट, कारण तीही विलक्षण आहे. शिकागोत अर्व्हिंग नाखुमसोन नावाचा एक संशोधक होता. त्याच्या आईचं मूळ लिथुआनियातलं, आणि तिच्या आठवणींत एक पदार्थ घर करून होता, चोलंट. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यू घरांत विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी गरम जेवायचं कसं? शुक्रवारी मांस, घेवड्याचे दाणे आणि भाज्या भांड्यात भरायच्या आणि ते भांडं बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टी विझे, विटांत ऊब उरे, आणि त्या उतरत्या उबेवर रात्रभर जेवण शिजे. हीच ऊब विजेवर मिळाली तर? अर्व्हिंगने भांड्याभोवतीच तापणारी तार बसवली. १९३६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळालं. पुढे घराण्याचं आडनाव सुटसुटीत होऊन नॅक्सन झालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ बाजारात आला.

शनिवारचा हा नेम आपल्या कोकणानेही पाहिला आहे. अलिबागच्या आसपास घाण्यावर तेल काढणारे, मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांचं नावच पाडलं, शनवार तेली. तोच विसाव्याचा दिवस, आणि दूर शिकागोत त्याच्यामुळे एक उपकरण जन्माला आलं!

उपकरण तरी किती साधं. चिनीमातीचं जाड भांडं, त्याच्या बाजूंना वेढणारी तापती पट्टी, वर काचेचं झाकण. मंद आचेवर ते साधारण २०० वॉट वीज घेतं. जुने पिवळ्या उजेडाचे १०० वॉटचे दोन बल्ब आठवा, तेवढ्यात सहा माणसांचं जेवण! सहा तासांत सव्वा युनिटसुद्धा जळत नाही. आणि त्यावरच्या ‘लो’ आणि ‘हाय’ या खुणा? बऱ्याच भांड्यांत दोन्हींचा शेवटचा मुक्काम जवळपास एकच असतो, उकळीच्या थोडा अलीकडे. ‘हाय’ तिथे झपाट्याने पोचतं, ‘लो’ रमतगमत. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि पुन्हा रश्श्यात पडतं. म्हणून इथे पाणी कमी घालायचं. आणि म्हणूनच मधे मधे झाकण उचलून डोकावायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली ऊब परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात.

आता कोंबडीकडे वळू. मांस म्हणजे स्नायूंचे धागे, आणि त्या धाग्यांच्या जुड्या बांधून ठेवणारं एक चिवट वेष्टन. हे वेष्टन कोलॅजेनचं. कोंबडी दिवसभर उभी राहते, चालते, उकिरडा उकरते. त्यामुळे तिच्या तंगडीत कोलॅजेन भरपूर असतं. छातीच्या मांसाला फारसं काम नसतं, म्हणून त्यात ते कमी. मंद आचेवर छातीचं मांस भुशासारखं कोरडं पडतं आणि तंगडी मात्र लोण्यासारखी होते, त्याचं मूळ इथे आहे.

हे कोलॅजेन आतून दिसतं कसं? १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी याचं उत्तर मांडलं. त्यांनी निरखलेल्या कोलॅजेनमध्ये कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंधही होता, कारण तिथे ते अगदी शुद्ध मिळतं! त्यांना दिसली ती तीन पेडांची वेणी. प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या. साखळीचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, आणि प्रत्येक साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिनचा, सगळ्यांत चिमुकला. का? कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरा कुठलाही मणी मावतच नाही! घट्ट वेणीत जागा उरत नाही, तसंच. तुमच्या-माझ्या कातडीत, हाडांत, स्नायुबंधांतही हीच वेणी आहे. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश तीच आहे.

ही वेणी ६० अंश सेल्सियसच्या पुढे सैल पडू लागते आणि ७० च्या पुढे भराभर सुटते. सुटलेले पेड पाण्यात विरघळले की त्यांना आपण जिलेटिन म्हणतो. पण वेणी सुटायला वेळ लागतो, तासन् तास. आणि इथे एक गंमत लपलेली आहे. इतका वेळ उष्णतेत राहिलेले मांसाचे धागे खरं तर कोरडे होतात, आक्रसून त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं. मग तंगडी रसाळ का लागते? कारण सुटलेलं जिलेटिन प्रत्येक धाग्यावर लेप देतं. कोंबडीचं शरीर बांधून ठेवणारी दोरीच तिचा रस होते!

आता गाजर. भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या डिंकामुळे. पेरूची जेली घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. हा डिंक सुटायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. कोंबडी ७४ अंशांना खाण्याजोगी होते आणि तेवढ्या उष्णतेवर गाजराला घामही फुटलेला नसतो.

पण एवढ्यावर संपत नाही. ५० ते ६० अंशांच्या पट्ट्यात गाजरातलं एक एन्झाइम कामाला लागतं. ते पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये अशा जागा मोकळ्या करतं की भाजीतलं कॅल्शियम तिथे जाऊन बसतं आणि दोन साखळ्यांना जोडून टाकतं, भिंतीच्या विटांत लोखंडी आकडे ठोकावेत तसं. असं एकदा टणक झालेलं गाजर पुढे कितीही शिजवा, सहजी मऊ पडत नाही. स्लो कुकर तर या पट्ट्यातून बैलगाडीच्या चालीने जातो! भर म्हणून टोमॅटो आंबट. आंबटात पेक्टिन आणखी घट्ट धरून बसतं. आमसूल आधी पडलं की डाळ शिजता शिजत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. गाजराचंही तेच.

यावर इटालियन स्वयंपाकघराने तोडगा फार आधीच काढून ठेवलेला आहे. कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून आधी ऑलिव्ह तेलात परतायची, त्याला ‘सोफ्रित्तो’ म्हणतात. चव वाढावी म्हणून हे करतात, पण त्याबरोबर गाजर तो अडचणीचा पट्टा झटक्यात ओलांडून जातं. मग ही परतलेली भाजी भांड्याच्या तळाशी आणि कडेला पसरा, जिथे आच सगळ्यांत जवळ असते. वर हाडासकट आठ तंगड्या. फ्रिजरमधून काढलेल्या असतील तर आधी त्यांचा बर्फ पुरता सुटू द्या. त्यांच्यावर ४०० ग्रॅमच्या डब्यातले टोमॅटो, लसणाच्या चार पाकळ्या, रोझमेरीची एक काडी आणि लॉरेलचं पान. आपल्या तमालपत्राच्याच कुळातलं हे झाड. मीठ बेताचं.

पण तंगड्या तशाच ठेवू नका. आधी तव्यावर कातडीची बाजू खरपूस करून घ्या. का, तर पाणी असेल तिथे तापमान १०० अंशांपुढे जात नाही, आणि साखर व प्रथिनं एकमेकांना भेटून जो तपकिरी खमंगपणा जन्माला घालतात तो रंगतो साधारण १४० अंशांना. फ्रान्सच्या लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे तीच. सहा तासांचा धीर तव्यावरच्या सहा मिनिटांची जागा घेऊ शकत नाही. तव्याला चिकटलेलं सगळं थोड्या पाण्याने खरवडून रश्श्यात घ्या, खरी दौलत तिथे आहे.

राजम्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. तोस्कानाचा पांढरा कान्नेल्लिनी, आपला श्रावण घेवडा आणि साताऱ्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा ही एकाच जातीची भावंडं. मूळ सगळ्यांचं अमेरिका खंडात. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं आणि मंद आचेवर ते नष्ट होईलच असं नाही. रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, आणि मगच भांड्यात घाला. इथे आळस नको.

केल अगदी शेवटी, भांडं बंद करायच्या वीस मिनिटं आधी. तोस्कानातले शेतकरी हिच्यासाठी थंडीची वाट पाहतात. कडाका पडला की झाड पानांत साखर वाढवतं, कारण गोड पाणी सहजी गोठत नाही. थंडीतलं गाजर गोड लागतं तेही याच कारणाने. जीव वाचवायची झाडाची धडपड आपल्या जिभेला गोड लागते!

एक शेवटची वस्तू, जी पुष्कळ घरांत कचऱ्यात जाते, ती म्हणजे पार्मिजानो चीजची टणक पाठ. ती रश्श्यात टाकून ठेवा. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. टोमॅटोत आणि जुन्या चीजमध्ये ते मुबलक असतं. कोंबडीत असतं इनोसिनेट. ही दोन्ही एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

जेवण झाल्यावर थोडा रस्सा मुद्दाम उरवा आणि रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी भांडं तिरकं करून बघा, रस्सा हलणार नाही. थरथरेल, पण सांडणार नाही. सुटलेल्या वेण्यांनी थंडीत पुन्हा एकमेकींचे हात धरलेले असतील. त्यातला एक चमचा थंडच तोंडात घ्या. जिभेच्या उबेवर, पस्तीस अंशांच्या आसपास, तो पुन्हा वितळेल.