बंगळूरच्या जलमंडळावर कोण बसतं?

मुंबई-पुण्याहून बंगळूरला गेलेला माणूस नळ कोरडा पडला की सवयीनं नगरसेवकाला शोधतो. तिथं त्याचा फारसा उपयोग नाही, कारण पाणी हे पालिकेचं खातंच नाही.

निवडणूक नाही, नेमणूक

१९६४ च्या स्वतंत्र कायद्यानं बंगळूर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष आणि सदस्य राज्य सरकार नेमतं, आणि अध्यक्ष सनदी अधिकारी असतो. कॅलिफोर्नियात अनेक जलसंस्थांचे संचालक मतदार थेट निवडून देतात. आपल्याकडे मुंबईत पाणी महापालिकेकडे आहे. तिथंही आयुक्त सरकारनेच नेमलेला असतो, पण सभागृह भरलेलं असेल तर नगरसेवक त्याला उभं करून जाब विचारू शकतो. बंगळूरच्या मंडळाला असं धारेवर धरणारं सभागृह नाही.

नदी खाली, शहर वर

मंडळावर बसणाऱ्याची खरी डोकेदुखी भूगोलात आहे. मुंबईचं बरंचसं पाणी उतारानं येतं. कावेरीचं पाणी मात्र तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि ताटगुणी अशा तीन टप्प्यांत उपसत, सुमारे १०० किलोमीटर दूर आणि ५०० मीटर वर आणावं लागतं. त्यामुळे विजेचं बिल हा मंडळाच्या खर्चातला मोठा घास. १९७४ साली कावेरीचा पहिला टप्पा सुरू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या टप्प्यानं दिवसाला ७७.५ कोटी लिटरची भर घातली. हे पाणी मुख्यतः २००७ साली शहरात घेतलेल्या ११० गावांसाठी. म्हणजे गावं शहरात आली, आणि त्यांच्यासाठीचं कावेरीचं पाणी सतरा वर्षांनी आलं!

नदीवरही मंडळाची सत्ता नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकाला १४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिलं, त्यातलं ४.७५ टीएमसी बंगळूरसाठी.

दर कोण ठरवतो?

दरवाढीला सरकारची संमती लागते, आणि पाणी महाग करून मतं कुणाला मिळत नाहीत. २०१४ नंतरची दरवाढ थेट एप्रिल २०२५ मध्ये झाली. मधल्या दशकात वीज आणि पगार थांबले नव्हते. माझ्या मते मंडळाच्या रचनेतला मोठा दोष हाच: हिशेब मंडळानं द्यायचा, निर्णय मात्र दुसऱ्यानं घ्यायचा.

मार्च २०२४

पाऊस कमी झाला, बोअरवेल आटल्या. आपल्या घरची बोअरवेलही कोरडी पडल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सांगितलं. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली, बागेला पाणी घातलं तर ५,००० रुपये दंड, असा आदेश मंडळानं काढला. टँकरचे दर बांधून देण्याची वेळ प्रशासनावर आली. छतावरचं पाणी साठवणं किंवा जमिनीत मुरवणं २००९ च्या दुरुस्तीपासून मोठ्या घरांना सक्तीचं आहे. ते सगळ्यांनी मनापासून केलं असतं तर त्या मार्चची झळ थोडी तरी कमी बसली असती.

दाद कुठं मागायची?

गळती, दूषित पाणी किंवा तुंबलेलं गटार यांसाठी १९१६ हा क्रमांक. बिलाची तक्रार उपविभागीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. दर आणि नेमणुका या राज्याच्या हातात असल्यानं त्याबद्दलचा प्रश्न आमदारालाच विचारावा. सोसायटीच्या कार्यकारिणीवर असाल तर माहितीच्या अधिकारात आपल्या भागाला दर आठवड्याला किती पाणी सुटतं, याचा आकडा आधी मागवा.