रोखठोक उमेदवार आणि प्रायमरीचा मतदार

अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षात उमेदवारीची मोठी लढत लागली की मुलाहिजा न ठेवता बोलणारा एखादा उमेदवार बहुधा पुढे येतो. पक्षाचे मातब्बर त्याला मोडीत काढत असतात आणि मतदार त्यालाच डोक्यावर घेतात. १९६४ मध्ये ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, १९९२ आणि १९९६ मध्ये पॅट ब्युकॅनन, २००० मध्ये जॉन मॅकेन, २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प. या चौघांची मतं एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. मॅकेन आणि ट्रम्प यांचं तर उघड वैर होतं. जुळते ती बोलण्याची तऱ्हा. या आकर्षणाची तीन स्पष्टीकरणं नेहमी ऐकू येतात: प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, मूठभर कट्टर लोकच मत देतात, त्यांना जितकं जहाल तितकं गोड लागतं, आणि हा माणूस खरं बोलतो म्हणून लोकांना भावतो. तिन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत. माझ्या मते प्रायमरीचा मतदार रोखठोकपणाकडे तारण म्हणून पाहतो. निवडून आल्यावर हा माणूस फिरणार नाही, याचं तारण. ते किती भरवशाचं असतं, हा प्रश्न वेगळा. पण मागणी त्याचीच असते.

ही मागणी का निर्माण होते ते कळायला प्रायमरीची रचना पाहावी लागते. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला यावर चर्चा संपते. अमेरिकेतही एके काळी चित्र फार वेगळं नव्हतं: १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्यावरून इतका गदारोळ झाला की पक्षाने नियम बदलले, राज्याराज्यांचे कायदे बदलले आणि १९७२ पासून दोन्ही पक्षांत उमेदवार निवडण्याची किल्ली सामान्य मतदाराकडे गेली. संसदेच्या जागांनाही हीच पद्धत लागू आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातून काँग्रेसवर गेले ते आधी डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकून. बरेच उमेदवार रिंगणात असल्याने तिथे तिशीच्या आतली टक्केवारीही पुरली. या मतपत्रिकेवर सगळी नावं एकाच पक्षाची असतात. एरवी मतदार पक्षाचं नाव पाहून निम्मा निर्णय घेतो, इथे ती खूण उपयोगाची नाही. जाहीरनामेही सारखेच: सगळे कर कमी करणार, सगळे सरकारचा पसारा आवरणार, सगळे सीमा सांभाळणार. सगळ्यांची आश्वासनं एकच असतील तर ती पाळणार कोण, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो धोरणाचा नसून माणसाचा आहे.

मूठभर कट्टर लोकांचा समज अर्धवट खरा आहे. २०१६ च्या प्रायमरींत दोन्ही पक्ष मिळून पात्र मतदारांपैकी जेमतेम २८ टक्के लोकांनी मत दिलं. पण थोडे म्हणजे कट्टर, असं होत नाही. जॉन साइड्स, लिन व्हॅव्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायमरीचे मतदार आणि त्याच पक्षाचे नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीतले मतदार यांची तुलना केली, तेव्हा वय, शिक्षण, उत्पन्न आणि धोरणविषयक मतं या सर्वच बाबतींत दोघांत फरक फार थोडा निघाला. प्रायमरीला येतो तो त्या पक्षाचा नेहमीचाच माणूस असतो, फक्त राजकारणाकडे जरा जास्त लक्ष असलेला. आणि लक्ष असल्यामुळेच दिलेली आणि मोडलेली वचनं त्याच्या ध्यानात राहतात.

अशी वचनं रिपब्लिकन मतदाराच्या गाठीला बरीच आहेत. १९८८ च्या पक्षाच्या अधिवेशनात जॉर्ज बुश थोरले यांनी नवा कर लावणार नाही असं शब्दाशब्दावर जोर देत सांगितलं आणि १९९० मध्ये करवाढीला संमती दिली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत, सत्तेवर असलेल्या स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध, कधीही निवडून न आलेले ब्युकॅनन सुमारे ३७ टक्के मतं घेऊन गेले. पुढे ओबामांच्या आरोग्य कायद्याबाबतही तेच झालं. २०११ पासून प्रतिनिधिगृहात तो रद्द करण्यासाठी डझनावारी मतदानं झाली. प्रत्यक्ष सत्ता हाती आल्यावर जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये विधेयक ४९ विरुद्ध ५१ असं पडलं. या मधल्या काळात, जून २०१४ मध्ये, व्हर्जिनियात प्रतिनिधिगृहातले बहुमत पक्षाचे नेते एरिक कँटर यांना डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रायमरीत हरवलं. कँटर यांनी ५० लाख डॉलरहून अधिक खर्च केले होते, ब्रॅट यांचा खर्च त्याच्यापुढे नगण्य होता. वचनं देऊन ती न पाळण्याची पद्धत रुळली की नवं वचन कितीही मोठं असलं तरी त्याची किंमत शून्य होते. मग मतदार दुसरीकडे पुरावा शोधतो: हा माणूस असं काही बोलतो का, ज्याची त्याला झळ बसेल? वर्तमानपत्रं तुटून पडतील, देणगीदार हात आखडतील, पक्षाचे नेते दूर होतील, असं बोलूनही तो मागे हटत नसेल तर त्याला कुणी विकत घेतलेलं नाही, असा हिशेब मतदार मांडतो. या हिशेबात चूक होऊ शकते, पण तो अविचार नव्हे.

आता खरेपणाचा समज. हा सगळ्यांत घट्ट बसलेला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ‘तो खरं बोलतो’ हे रोखठोकपणाच्या आकर्षणामागचं कारण असतं, तर मतदाराला स्वतःला झोंबणारं सत्यही मतं मिळवून देतं. प्रत्यक्षात काय होतं पाहा. जानेवारी २००८ मध्ये मिशिगनमध्ये मॅकेन यांनी सांगून टाकलं की मोटार कारखान्यांतल्या गेलेल्या नोकऱ्या परत यायच्या नाहीत, नवं कौशल्य शिकावं लागेल. त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉमनी म्हणाले, प्रत्येक नोकरीसाठी लढेन. १५ जानेवारीला रॉमनी सुमारे ३९ विरुद्ध ३० टक्क्यांनी जिंकले. रॉमनींचे वडील त्या राज्याचे गव्हर्नर होते, त्याचा फायदा त्यांना झालाच. पण हेच मिशिगन २००० मध्ये मॅकेन यांनी जिंकलं होतं. त्याही मागे जाऊ. जानेवारी १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांनी न्यू हॅम्पशरमध्ये सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणीचं सरकारी पेन्शन, ऐच्छिक करावं असं सुचवलं. आडपडदा काही ठेवला नाही. त्या राज्यात वृद्ध मतदार पुष्कळ होते. मार्चमध्ये प्रायमरी झाली तेव्हा विजयी ठरले हेन्री कॅबट लॉज, जे व्हिएतनाममध्ये सायगॉनला राजदूत होते, प्रचाराला आलेच नव्हते आणि ज्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं. मतदारांनी ते हाताने लिहिलं. दुसऱ्याची झोप उडवणारा स्पष्टवक्ता लोकांना हवा असतो. त्याने आपल्याच पेन्शनला हात घातला की त्याच स्पष्टपणाचा धाक वाटू लागतो.

मॅकेन यांचीच दुसरी कथा याहून बोलकी आहे. २००० मध्ये त्यांनी आपल्या बसला ‘स्ट्रेट टॉक एक्स्प्रेस’ असं नाव दिलं होतं, पत्रकारांना दिवसभर बसमध्ये बसवून विचाराल ते सांगत होते, न्यू हॅम्पशरमध्ये त्यांनी शंभराहून अधिक सभा घेतल्या आणि धाकट्या बुश यांना तब्बल १८-१९ टक्क्यांनी हरवलं. पुढची मोठी लढत होती साउथ कॅरोलायनात. तिथे विधान भवनावर फडकणाऱ्या कॉन्फेडरेट (यादवी युद्धातल्या दक्षिणी राज्यांच्या) झेंड्याचा वाद पेटला होता. मॅकेन आधी त्या झेंड्याविरुद्ध बोलले, मग त्यांच्या सल्लागारांनी मवाळ निवेदन लिहून दिलं. पत्रकारांनी प्रश्न विचारला की मॅकेन खिशातून तो कागद काढायचे, उलगडायचे आणि वाचून दाखवायचे. मजकूर तोंडपाठ झाल्यावरही ते कागद उलगडतच राहिले, असं त्यांनी नंतर स्वतःच लिहिलं. प्रायमरी ते हरले आणि एप्रिलमध्ये त्या राज्याच्या राजधानीत, कोलंबियाला, परत जाऊन आपण मतांसाठी प्रामाणिकपणा सोडला होता अशी जाहीर कबुली दिली. इतक्या नावाजलेल्या रोखठोक माणसालाही जिथे मतदार दुखावणार होता तिथे कागदाचा आधार घ्यावा लागला, यातून खरेपणाच्या बाजारभावाबद्दल बरंच कळतं.

खोटं बोलूनही माणूस अस्सल वाटू शकतो, हे तर संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. ऑलिव्हर हाल, मिन्जे किम आणि एझ्रा झुकरमन सिव्हन यांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की, ज्या गटाला प्रस्थापित मंडळी आपली वाटत नाहीत, त्या गटाला उघड खोटं बोलून शिष्टाचार मोडणारा उमेदवार प्रामाणिक भासतो, आणि ते खोटं आहे हे माहीत असूनही भासतो. कारण विधान खरं की खोटं यापेक्षा ते कुणाला डिवचतं याकडे लोकांचं लक्ष असतं. तारणाची सारी दुबळी बाजू इथे दिसते. प्रस्थापितांचा रोष ओढवून घ्यायला सत्य लागत नाही, नुसता उद्धटपणाही पुरतो. मला यातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच वाटते.

जहालपणाच्या समजाला उत्तर द्यायला साउथ कॅरोलायनाच पुन्हा कामी येतं. १३ फेब्रुवारी २०१६ ला ग्रीनव्हिलच्या वादसभेत ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती आणि त्यासाठी खोटी कारणं दिली गेली असं सांगितलं. लष्करी तळांनी भरलेलं, बुश घराण्याला मानणारं राज्य; सभागृहातून हुर्यो उठली. दोन दिवसांनी माजी अध्यक्ष धाकटे बुश स्वतः भाऊ जेब यांच्या प्रचाराला उतरले. २० तारखेला ट्रम्प जिंकले आणि जेब बुश यांनी त्याच रात्री माघार घेतली. ट्रम्प यांचं ते विधान कोणत्याही अर्थाने उजवं नव्हतं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला, कात्री लावणार नाही, हे त्यांचं आश्वासनही पक्षाच्या पोथीबाहेरचं होतं. पोथीतल्या कसोट्या लावल्या तर त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ कितीतरी चोख कॉन्झर्व्हेटिव्ह होते, आणि ते हरले. याची मुळं जुनी आहेत. लॉइड फ्री आणि हॅडली कँट्रिल यांनी १९६७ मध्येच नोंदवलं होतं की, स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणारे पुष्कळ अमेरिकन प्रत्यक्ष सरकारी योजनांचा प्रश्न आला की त्यांच्या बाजूने उभे राहतात. त्यांना आपल्या जगण्याची रीत, आपला देश, आपली चर्च यांची बाजू घेणारा हवा असतो; पेन्शन कापणारा नको असतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, हे सारं बोलण्याच्या तऱ्हेवर ढकलणं चूक. जिंकवतात ते नियम, संघटना आणि प्रसिद्धी. हे मला बरंचसं मान्य आहे. गोल्डवॉटर यांना उमेदवारी मिळाली ती मुख्यतः क्लिफ्टन व्हाइट यांनी राज्याराज्यांतल्या पक्षशाखांत आधीपासून शांतपणे जमवलेल्या डेलिगेटांमुळे (अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींमुळे), शेवटी कॅलिफोर्नियातल्या निसटत्या विजयाची जोड मिळून. ट्रम्प यांना साउथ कॅरोलायनात साडेबत्तीस टक्के मतं पडली आणि तिथल्या नियमांमुळे राज्याचे सगळे ५० डेलिगेट मिळाले. विरोधी मतं पाच जणांत विभागली गेली होती. मार्च २०१६ पर्यंत त्यांना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत २ अब्ज डॉलरच्या घरात काढली गेली. एक्झिट पोलमध्ये ‘जे आहे ते तोंडावर सांगतो’ हा गुण सर्वांत महत्त्वाचा मानणारे मतदारही अल्पसंख्यच होते. मात्र त्या गटाची मतं राज्यामागून राज्यात ट्रम्प यांनीच बहुसंख्येने नेली, तर ‘माझी मूल्यं मानतो’ याला पहिलं स्थान देणाऱ्यांत ते मागे राहिले. मतं पाच-सहा जणांत वाटली जातात तिथे असा एकगठ्ठा, न हलणारा गट पुरेसा ठरतो. नियमांनी विजय मोठा केला हे खरं, पण नियमांना वापरण्याजोगा तो गट रोखठोकपणाने जमवला.

दुसरा आक्षेप म्हणजे हे फक्त उजव्यांतच घडतं असं नाही. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक बाजूला बर्नी सँडर्स यांनी न्यू हॅम्पशरमध्ये ६० टक्के मतं घेतली तीही अशाच बोलण्यावर. खरं आहे, आणि तारणाच्या युक्तिवादाला ते पूरकच आहे, कारण प्रायमरीची रचना दोन्हीकडे सारखी आहे. तरी रिपब्लिकन बाजूला याची धार अधिक का, याचं उत्तर मॅट ग्रॉसमन आणि डेव्हिड हॉपकिन्स यांच्या मांडणीत सापडतं: डेमोक्रॅटिक पक्ष ही वेगवेगळ्या समूहांची मोट आहे, तर रिपब्लिकन पक्ष ही एका विचाराची चळवळ आहे. समूहांच्या पक्षात नेत्याला ‘आमच्यासाठी काय आणलंस’ असं विचारतात, चळवळीत ‘फितूर तर झाला नाहीस ना’ असं विचारतात. ॲरिझोनाच्या रिपब्लिकन पक्षाने जानेवारी २०१४ मध्ये आपल्याच राज्याचे सिनेटर मॅकेन यांच्याविरुद्ध निषेधाचा ठराव केला तो याच प्रश्नावर.

मग हा उमेदवार नोव्हेंबरमध्ये का अडखळतो, असंही विचारलं जातं. गोल्डवॉटर यांना ५० पैकी सहाच राज्यं मिळाली हे सर्वांना आठवतं, ट्रम्प जिंकले हेही. दोन्ही निकालांत बोलण्याच्या तऱ्हेचा वाटा लोक समजतात त्याहून कमी आहे, कारण सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचं नाव पुन्हा मतपत्रिकेवर येतं आणि तारणाची गरजच उरत नाही. प्रायमरीत एकूण ४५ टक्क्यांच्या आसपास राहिलेल्या ट्रम्प यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये जवळपास १० पैकी ९ रिपब्लिकन मतदारांनी मत दिलं. २०१२ मध्ये रॉमनी यांनाही पक्षाच्या मतदारांचा तेवढाच, किंबहुना किंचित जास्त, वाटा मिळाला होता, आणि रॉमनी यांना रोखठोक असं त्यांचे समर्थकही म्हणत नव्हते.