रात्रीचा फोटो रात्रीसारखाच दिसू द्या: नागपुरातल्या चार जागा, चार पद्धती

फुटाळा तलावावर सूर्य बुडाला की बहुतेकांचे फोन खिशात जातात. त्यानंतरही जे फोटो काढतात त्यांची तक्रार ठरलेली असते: एकतर फोटो हललेला येतो, नाहीतर रात्र दुपारसारखी उजळलेली दिसते. त्यासाठी लगेच महागडा फोन घ्यायची गरज नाही. अंधारात फोन नेमकं काय करतो हे कळलं, की हातातल्या फोनमधूनही बरंच काही निघतं.

नाईट मोड काय करतो?

फोनचा सेन्सर जेमतेम नखाएवढा असतो. अंधारात त्याच्यावर प्रकाश कमी पडतो, म्हणून फोन आयएसओ वाढवतो, म्हणजे मिळालेला सिग्नल मोठा करतो. त्यासोबत नॉइजही मोठा होतो. फोटोत दिसणारे रंगीत दाणे म्हणजे हाच नॉइज.

नाईट मोडमध्ये फोन लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. दाणे दर फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतात, इमारत मात्र जागची हलत नाही. त्यामुळे 9 फ्रेमची सरासरी घेतली की नॉइज साधारण एक तृतीयांशावर येतो. गूगलने 2018 मध्ये पिक्सेल फोनवर आणलेलं 'नाईट साइट' याच तत्त्वावर चालतं.

पण यात दोन गोम आहेत. हलणाऱ्या गोष्टी नाईट मोड पुसायला बघतो. आणि अंधार दिसला की तो उजळवतो. किती अंधार ठेवायचा, हे आपणच ठरवायचं.

आधी एवढं करा

- लेन्स पुसा. तर्री-पोहे खाऊन तेच बोट लेन्सला लागलं, की प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते.
- ट्रायपॉड नसेल तर फोन भिंतीवर किंवा हेल्मेटला टेकवून ठेवा.
- 3 सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाच फोन सगळ्यात जास्त हलतो.
- फ्लॅश बंद. त्याचा उजेड काही फुटांपलीकडे जात नाही.

1. फुटाळा: सूर्यास्तानंतर 20-30 मिनिटं

या वेळात आकाश गडद निळं असतं आणि शहराचे दिवे लागलेले असतात. दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असल्यामुळे फोनला दोन्ही पकडता येतात. फोन पाण्याच्या जितका जवळ, खाली धराल तितकं प्रतिबिंब मोठं येतं. इथे नाईट मोड मस्त चालतो.

2. दीक्षाभूमी: उजेड कमी करा

काळ्या आकाशासमोर पांढरा घुमट असला की फोन आकाश बघून एक्स्पोजर वाढवतो आणि घुमट नुसता पांढरा डाग होतो. स्क्रीनवर घुमटाला टॅप करा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. घुमटाचा गोलावा दिसायला लागला की थांबा. बाकीचं काळं राहिलं तर राहू द्या.

3. वर्धा रोड: प्रकाशाच्या रेघा

खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. या 3.14 किलोमीटरच्या डबल डेकर पुलाची 2022 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. इथे आपल्याला हालचालच हवी आहे, म्हणून नाईट मोड नको. प्रो मोडमध्ये जा, आयएसओ 50 किंवा 100 ठेवा आणि शटर 6 सेकंद. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे 65 मीटर पुढे जाते आणि तिच्या मागच्या दिव्याची लाल रेघ उमटते. फोटो फारच उजळला तर शटर 4 सेकंदांवर आणा. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला 'लाँग एक्स्पोजर' इफेक्ट द्यावा. उभं राहायचं ते फूटपाथवरच; रेघेसाठी डिव्हायडरवर चढू नका.

4. पेंच: तारे

नागपूरपासून दीड-दोन तासांवरचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. अमावस्येच्या आसपासची हिवाळ्यातली रात्र निवडा. प्रो मोड, आयएसओ 1600, शटर 15 सेकंद, फोकस इन्फिनिटीवर. पृथ्वी फिरत असल्यामुळे शटर फार वाढवलं तर तारे लांबट दिसतात. मृग नक्षत्र आणि त्याच्या मागचा व्याध आधी शोधा, ते सहज सापडतात. मात्र हे वाघांचं जंगल आहे. वनविभागाने परवानगी दिलेल्या जागीच थांबा.

आता हेच सेटिंग घरी येऊन आपल्या गच्चीवर लावून बघा. आकाश पिवळट-करडं येईल, तारे मोजकेच. बिघाड फोनमध्ये नाही. आपले दिवे जमिनीऐवजी आकाश उजळवतात, तोच उजेड फोटोत आलेला असतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवा आणि घरच्यांना दाखवा. गच्चीवरचा उघडा बल्ब खाली वळवायला त्याहून चांगलं कारण सापडणार नाही.